टर्बोचं टायमिंग : आधी मोजा, मग पैसे मोजा

‘गाडी ओढत नाही, टायमिंग जरा पुढे घेऊन द्या.’ या एका वाक्याचं बिल दीड हजार रुपये होऊ शकतं, पन्नास हजारही होऊ शकतं, आणि दोन्ही वेळा गॅरेजवाला प्रामाणिक असू शकतो. म्हणून गॅरेजच्या दारात जाण्याआधी आपण नेमकं काय मागतोय ते समजून घेतलेलं बरं.

सूस २०२१ च्या जूनअखेर पुणे महापालिकेत आलं. उंच इमारती त्याआधीच आल्या होत्या, आणि त्यांच्या पार्किंगमध्ये छोटी टर्बो पेट्रोल इंजिनंही. यातल्या बऱ्याच गाड्या तर पुणे जिल्ह्यातच तयार झालेल्या : चाकणच्या पोलो, टायगुन, व्हर्टस, कुशाक, रांजणगावची नेक्सॉन, आणि हौशी मंडळींनी अजून जिवापाड जपलेल्या, रांजणगावच्याच फियाट लिनिया टी-जेट आणि अबार्थ पुंटो. वॉरंटी संपली की यांचे मालक दोन कारणांनी टायमिंगच्या मागे लागतात. काहींना जास्त ताकद हवी असते. बहुतेकांना हरवलेला पिकअप परत हवा असतो. दुसऱ्या गटाने पहिल्या गटाचं औषध घेतलं की इंजिन खोलायची वेळ येते.

प्रीमियर पद्मिनी किंवा जुन्या मारुती ८०० वर टायमिंग हे हाताचं काम होतं. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचा, पुलीवरच्या खुणेवर टायमिंग लाइट मारायचा, डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा, इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि बोल्ट आवळायचा. आजच्या टर्बो गाडीत फिरवायला काही उरलेलंच नाही. क्रँकवरच्या चाकाचे दात सेन्सर मोजतो आणि प्रत्येक ठिणगी कधी टाकायची ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आपल्या तक्त्यांवरून ठरवतो. प्रत्येक सिलिंडरसाठी, प्रत्येक वेळी वेगळं. त्यामुळे ‘स्क्रूड्रायव्हरने दोन अंश पुढे घेतो’ असं कोणी टर्बो गाडीबद्दल म्हणालं, तर किल्ली परत मागून घ्यावी. आणखी एक सावधगिरी : एस्टिमेटवर नुसतं ‘टायमिंगचं काम’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. टायमिंग बेल्ट किंवा चेन बदलणं हे पूर्ण वेगळं आणि बरंच महाग काम आहे. इथे चाललेली गोष्ट ठिणगीच्या वेळेची आहे.

ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच टाकावी लागते, कारण मिश्रण पेटून दाब तयार व्हायला वेळ लागतो. पिस्टनने माथा ओलांडल्यावर साधारण १२ ते १६ अंशांवर दाबाचा मोठा धक्का बसला, तर ताकद पुरेपूर मिळते. टर्बोमध्ये हवा आधीच दाबून भरलेली असते. ठिणगी फार लवकर पडली तर दाब-तापमान इतकं चढतं की कडेचं न जळलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आतच आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. साध्या इंजिनात ते खळखळ वाजतं आणि चालवणारा सावध होतो. टर्बोत, काचा बंद आणि गाणी चालू असताना, ते ऐकूच येत नाही. पिस्टनच्या दोन रिंगांमधली पट्टी तुटून निळा धूर दिसायला लागतो तेव्हा कळतं.

मग टायमिंग मागे ठेवलं की झालं, असंही नाही. ठिणगी उशिरा पडली तर जळणारा वायू एक्झॉस्टमध्ये जास्त गरम जातो. त्याचा मार टर्बोच्या चाकाला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बसतो, ॲव्हरेजही पडतं.

इंजिनाने स्वतःच मागे घेतलेलं टायमिंग

ब्लॉकला एका बोल्टने आवळलेला, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा असा नॉक सेन्सर असतो. सिलिंडरच्या व्यासाप्रमाणे साधारण ६ ते ८ किलोहर्ट्झची थरथर तो टिपतो. थरथर दिसली की ईसीयू त्या सिलिंडरचं टायमिंग काही अंश झटकन मागे घेतो आणि मग हळूहळू परत देतो. हा बोल्ट सहसा २० न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचनेच आवळायचा असतो. ढिला राहिला किंवा ‘अजून जरा’ म्हणून ताकदीने पिळला, की सेन्सर एक तर कमी ऐकतो, नाही तर नको ते ऐकतो.

गाडी ओढत नाही याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की ईसीयूने टायमिंग आधीच मागे खेचून ठेवलंय. कारण दुसरीकडेच असतं : प्लग झिजलेले, इनटेक तापलेला, पेट्रोल हलकं, व्हॉल्व्हवर काजळी. अशा इंजिनाच्या तक्त्यात आणखी ॲडव्हान्स भरून घेणं म्हणजे जे इंजिन जीव वाचवायला मागे सरतंय त्यालाच पुढे ढकलणं. म्हणून पहिला खर्च मोजणीवर करावा.

इथून पुढचे आकडे अंदाज बांधण्यापुरते आहेत. गाडी आणि दुकान बदललं की ते हलतात, त्यामुळे लेखी कोटेशन घ्याच. ब्लूटूथचं ओबीडी यंत्र हजार ते अडीच हजारांत मिळतं. त्यावर एकूण टायमिंग आणि इनटेकचं तापमान दिसतं. पण प्रत्येक सिलिंडरमागे किती अंश मागे घेतले ते पाहायला बहुतेक वेळा त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचं सॉफ्टवेअर लागतं. गॅरेजमध्ये नुसता स्कॅनर लावून एरर कोड काढायला पाचशे ते दीड हजार पडतात. गाडी चालवत नोंद घ्यायची, म्हणजे लॉगिंग करायचं, तर दोन ते चार हजार धरा. पैसे देताना फाइल मागून घ्या. त्यात आरपीएम, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, टायमिंग, सिलिंडरनिहाय मागे घेतलेले अंश, इनटेकचं तापमान आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, हे रकाने हवेत. फाइल नसेल तर तुम्हाला मत मिळालं, मोजमाप नाही.

समजा, तीन सिलिंडरच्या गाडीचा कागद हातात आला. ४,००० आरपीएमला पहिल्या सिलिंडरपुढे उणे ०.८, दुसऱ्यापुढे उणे १.१ आणि तिसऱ्यापुढे उणे ६.४. मधूनच एक-दोन अंश मागे जाणं हे यंत्रणा जागी असल्याचं लक्षण आहे. पण एकच सिलिंडर दर वेळी पाच-सहा अंश मागे राहतोय, म्हणजे दोष त्या सिलिंडरचा आहे. प्लग आणि कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करून पुन्हा लॉग घ्या. दोष सुट्या भागाबरोबर सरकला तर दोन-चार हजारांत काम झालं. तिथेच राहिला तर इंजेक्टर, काजळी किंवा कॉम्प्रेशन तपासायचं. तिन्ही सिलिंडर सारखेच मागे असतील, तर संशय पेट्रोलवर किंवा उष्णतेवर घ्यावा.

उष्णतेचा मुद्दा सूसकरांनी नीट समजून घ्यावा असा आहे. संध्याकाळी पाषाण-सूस रस्त्यावर रांगेत रखडत खिंडीपर्यंत यायचं आणि बायपासला लागताच पॅडल तळाला टेकवायचं, हा इथला रोजचा क्रम. रखडताना बोनेटखाली उष्णता साचते. पोलो-टायगुनच्या टीएसआय इंजिनात इंटरकूलर पाण्याने थंड होतो आणि काहींत तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो. तोही तापलेला असतो. मे महिन्यात अशा वेळी इनटेकचं तापमान साठीच्या आसपास दिसलं तर नवल नाही, आणि ईसीयूने टायमिंग मागे घेतलं तर तो बिघाड नाही, शहाणपणा आहे. म्हणून लॉग दोन घ्यावेत : एक सकाळी लवकर, मोकळ्या रस्त्यावर, आणि एक संध्याकाळच्या गर्दीनंतर. सकाळचा स्वच्छ आणि संध्याकाळचा खराब असेल तर खिसा बंद ठेवा. रेडिएटरच्या जाळ्यांतली बांधकामाची धूळ हलक्या पाण्याने धुऊन घ्या, कूलंटची पातळी पाहा, आणि गर्दीतून सुटल्यावर दोन-तीन किलोमीटर पाय आवरा.

पूर्ण ताकदीचा लॉग मात्र रस्त्यावर घेऊ नये. तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजार आरपीएमपर्यंत ओढलं की वेगमर्यादा मोडतेच, आणि कात्रज-देहूरोड बायपासवर पुढे कधी टँकर आडवा येईल सांगता येत नाही. डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तीन ते सहा हजारांत काम होतं. तिथे पंख्याची सोय आहे ना, ते आधी विचारावं. पंखा दुबळा असेल तर आकडे उष्णतेचे येतात, इंजिनाचे नाही.

स्वस्तात सुटणाऱ्या गोष्टी

प्लगपासून सुरुवात करा. इरिडियमचा एक प्लग साधारण सहाशे ते बाराशे, मजुरी वेगळी. थंड इंजिनावर प्लग काढून मध्यभागची पांढरी चिनीमाती उजेडात धरा, शक्यतो भिंगाखाली. फिकट तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. त्यावर मिरपूड उडाल्यासारखे काळे ठिपके दिसले तर नॉकिंग चालू आहे. चंदेरी, चमकणारे बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. त्या क्षणी गाडी चालवणं थांबवा आणि कॉम्प्रेशन, जमल्यास लीक-डाऊन चाचणी करून घ्या. हजार-दोन हजारांची ही चाचणी लाखाचं इंजिन वाचवू शकते. कॉइल दोन ते साडेचार हजारांना एक. काम करताना इंजिन बंद ठेवा : कॉइलचा झटका हजारो व्होल्टचा असतो.

थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साठते. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने ती झाडतात. दहा ते वीस हजार खर्च येतो. पण बोअरस्कोपने काजळी डोळ्यांनी दाखवल्याशिवाय या कामाला हो म्हणू नये. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटलीने ही काजळी निघत नाही, कारण बाटलीतलं औषध तिथे पोचतच नाही. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झालाय. जुन्या कोटेशनमध्ये २८ टक्के लावलेले असतील तर नवं कोटेशन मागा.

पेट्रोलचं गणित सोपं आहे, पण लोक ते करत नाहीत. बीएस-६ चं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणानंतर ते ९५ ला पोचल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. इथेनॉल नॉकिंग रोखतं आणि बाष्प होताना मिश्रण थंडही करतं. मात्र त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तृतीयांशाने कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं. आता पंपावर ९५ ऑक्टेनचं ब्रँडेड पेट्रोल जास्त पैसे देऊन भरताना फरक लॉगमध्ये दिसतोय का ते पाहावं. महिन्याला १,००० किलोमीटर आणि १४ चं ॲव्हरेज धरलं तर ७१ लिटर लागतात. लिटरमागे आठ रुपये जास्त म्हणजे महिन्याला सुमारे ५७० रुपये. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिटरमागे पंचावन्न रुपये जास्त धरले तर ३,९०० रुपये. मूळ कंपनीच्या तक्त्याला वरची मर्यादा असते. तिच्यापुढे ऑक्टेन कितीही वाढवलं तरी टायमिंग पुढे जात नाही. माझं मत विचाराल तर शंभर ऑक्टेन रोज भरणं ही हौस आहे. दोन टाक्या भरून लॉगची तुलना करणं ही मात्र चांगली परीक्षा.

एक धोका असा आहे की त्यावर टायमिंगचा इलाजच नाही. कमी आरपीएमवर, जास्त भाराखाली, छोट्या थेट-इंजेक्शन टर्बोत ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. तेलाचा थेंब किंवा काजळीचा कण निमित्त होतो. दणका एकच, पण पिस्टन फोडणारा. चौथ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवर, चार माणसं आणि एसी घेऊन, पॅडल दाबून खिंड चढणं ही त्याची उत्तम तयारी. गिअर खाली टाका. त्याला पैसे पडत नाहीत. आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं, एपीआय एसपी दर्जाचं तेल वापरा. २०२० मध्ये आलेल्या या दर्जात नेमकी याच धोक्याची चाचणी आहे. चार लिटर चांगलं सिंथेटिक तेल तीन ते साडेचार हजारांत येतं.

तरीही मॅप हवाच असेल

इंजिन निरोगी निघालं आणि तरी ताकद हवी असेल, तर ईसीयूच्या रीमॅपकडे, म्हणजे त्याचे तक्ते बदलण्याकडे, वळायचं. ‘स्टेज वन’ म्हणून विकला जाणारा तयार मॅप पंचवीस ते पंचेचाळीस हजार आणि वर १८ टक्के जीएसटी. डायनोवर तुमच्याच गाडीसाठी लिहिलेला मॅप चाळीस ते सत्तर हजार. माझा कल दुसऱ्याकडे आहे. युरोपातले तयार मॅप तिथल्या ९८ ऑक्टेनवर बेतलेले असू शकतात. तोच मॅप इथल्या पेट्रोलवर आणि इथल्या उन्हाळ्यात चालवला तर सेन्सर दिवसभर टायमिंग मागे खेचत बसतो. ताकद वाढते ती मुख्यतः बूस्टमुळे. टायमिंगच्या शेवटच्या एका अंशाने मिळणारा फायदा जेमतेम टक्का-दीड टक्का असतो, आणि तोच अंश पिस्टनला महाग पडतो. ट्यूनरला सरळ विचारा : मॅप कोणत्या ऑक्टेनसाठी लिहिलाय? तापलेल्या इनटेकवर टायमिंग किती मागे घेतो? पूर्ण भारावर सिलिंडरमागे जास्तीत जास्त किती अंश मागे गेलेले चालतात? नॉक सेन्सरची संवेदना कमी केलीय का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो, थोडी’ असं उत्तर आलं तर आभार मानून उठा.

पंधरा ते तीस हजारांच्या ‘ट्यूनिंग बॉक्स’पासून तर लांबच राहावं. तो वायरिंगमध्ये मधेच बसतो आणि ईसीयूला बूस्ट खऱ्यापेक्षा कमी असल्याचं भासवतो. ईसीयू मग बूस्ट वाढवतो, पण भार कमी आहे अशा समजुतीने तक्त्यातला कमी भाराचा, म्हणजेच जास्त पुढचा, टायमिंगचा आकडा उचलतो. दाब जास्त आणि ठिणगी लवकर, दोन्ही एकदम. काढून टाकला की खूण राहत नाही, हीच त्याची विक्री.

गिअरबॉक्सही हिशेबात धरा. पोलो जीटीच्या सात गिअरच्या ड्राय-क्लच डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे आणि गाडीचा मूळ टॉर्क १७५. दीड लिटरच्या टीएसआयचा मूळ टॉर्कच २५०, म्हणजे तिथे शिल्लक काहीच नाही. क्लच पॅक गेला तर मॅपच्या किमतीची दुप्पट रक्कम सहज जाते. मॅप चढवताना बॅटरीला स्थिर पुरवठा देणारा चार्जर जोडलाच पाहिजे; मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो. घरी लॅपटॉपवर, इंटरनेटवरून आणलेली फाइल चढवण्याचा खर्च शून्य दिसतो तो याच कारणाने फसवा आहे.

कायद्याची बाजू कुणी आपणहून सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन यांत तफावत पडेल असा बदल करता येत नाही, आणि नोंदणीत इंजिनाची ताकदही असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पीयूसी पास झाली म्हणजे मॅप कायदेशीर ठरला असं नाही. ती चाचणी गाडी उभी ठेवून होते, भाराखाली नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवला नाही तर दावा अडू शकतो. कळवला तर हप्ता वाढू शकतो किंवा नकारही येऊ शकतो; हा खर्चही मॅपच्या किमतीत धरायचा. आणि वॉरंटी? फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत कंपनीच्या सर्व्हरला फाइल जुळली नाही की गाडीच्या नावावर ‘टीडी-१’ अशी नोंद पडते, आणि मूळ फाइल परत चढवून ती पुसली जात नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर मॅप करू नये, एवढं स्पष्ट सांगतो.

काम करून घेतलंच तर पक्क्या बिलावर मॅपचा प्रकार, ऑक्टेन, आधीचा आणि नंतरचा लॉग, आणि मूळ फाइलची प्रत तुम्हाला दिल्याचा उल्लेख लिहून घ्या. महिनाभराने पुन्हा एक लॉग फुकट करून देण्याची अटही त्यात घाला. बरेच जण देतात, मागणारे कमी असतात. बिनसलंच तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. गाडी विकताना मूळ फाइल परत चढवून घ्या आणि नव्या मालकाला बदल झाला होता हे लेखी सांगा. परत चढवण्याचे दोन ते पाच हजार कोण देणार, ते मॅप घेतानाच ठरवून ठेवा.